हीट एक्स्चेंजरसाठी नळी निवडताना: आधी पाणी, मग धातू

चौदा महिने वापरलेली तांब्याची एक कॉइल (टाकीतले पाणी तापवणारी वेटोळी नळी, म्हणजे एक साधा हीट एक्स्चेंजर) मी टाकीतून बाहेर काढली, ती जिथून गळत होती तो हातभर तुकडा वेगळा केला आणि करवतीने उभा चिरला. तांब्याच्या नळीच्या आतल्या अंगावर काही काळाने तपकिरी, मळकट असा पातळ थर धरतो आणि पुढे तोच धातूचे रक्षण करतो. सरळ भागात हा थर शाबूत होता. पण जोडापासून दोन बोटांच्या अंतरावर आणि त्यापुढच्या बाकाच्या बाहेरच्या अंगाला तो पार धुऊन गेला होता आणि तिथले तांबे नुकतेच घासल्यासारखे लालसर, चकचकीत दिसत होते. त्या चकचकीत भागात घोड्याच्या नालेच्या आकाराचे उथळ खड्डे होते. सगळ्यांची दिशा एकच होती, जणू एखादा इवलासा घोडा प्रवाहाच्या उलट चालत गेला असावा. त्यांपैकी एक खड्डा भिंतीच्या आरपार गेला होता. ट्यूब कटरने नळी कापताना आतल्या कडेला जी धारदार कोर उभी राहते, जिला कारखान्यात बर म्हणतात, ती मी त्या जोडावर काढायची राहून गेली होती; तिला आपटून पाणी भोवऱ्यात पडत होते आणि पुढच्या दोन बोटांत भिंतीला ओरबाडत होते.

बर काढली असती तर कॉइल आणखी काही महिने टिकली असती, एवढेच. मूळ चूक त्याआधीची होती, आणि नळीचा धातू निवडताना बहुतेक जण तीच करतात असे मला वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

काम साधे होते. एका कॉम्प्रेसरच्या शीतनातून बाहेर पडणारे सुमारे ७५ अंश सेल्सिअसचे पाणी कॉइलमधून फिरवायचे आणि टाकीतले पाणी तापवायचे. धातू निवडायला बसलो तेव्हा मी उष्णतावाहकतेचा तक्ता उघडला. नळीसाठी वापरल्या जाणाऱ्या तांब्याची वाहकता सुमारे ३४० वॉट प्रति मीटर-केल्विन, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची दीडशे ते दोनशेच्या आसपास, साध्या कार्बन स्टीलची ५०, आणि ३०४ किंवा ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलची जेमतेम १६. तांबे स्टेनलेसच्या वीसपट सरस दिसते, तेव्हा विचार करण्यासारखे काही उरलेच नाही असे वाटून मी तक्ता मिटला. पण तो तक्ता केवळ धातूविषयी बोलतो, आणि उष्णतेला मात्र धातूखेरीज आणखी दोन गोष्टी ओलांडाव्या लागतात: नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून वाहणारा पाण्याचा पातळ पदर आणि बाहेरच्या भिंतीला चिकटलेला पाण्याचा तसाच पदर.

माझ्या कॉइलचा हिशेब गोल आकड्यांत मांडतो. टाकीतले पाणी ढवळले जात नव्हते, केवळ तापून वर चढत होते. अशा संथ पाण्याचा उष्णता-संक्रमण गुणांक, म्हणजे भिंत आणि पाणी यांच्यात उष्णता किती सहज जाते त्याचे माप, मी ७०० वॉट प्रति चौरस मीटर-केल्विन धरला. आत पाणी वेगाने वाहत होते, तिथे तो १०,००० धरला. भिंत तांब्याची, ०.८ मिलिमीटर जाड. या तिन्हींचा मिळून उष्णतेला होणारा विरोध १००० भाग मानला, तर त्यांतले सुमारे ९३३ भाग बाहेरच्या संथ पाण्याचे, ६५ भाग आतल्या पाण्याचे आणि तांब्याच्या भिंतीचे केवळ दीड भाग. त्याच जागी एक मिलिमीटर जाडीची स्टेनलेसची भिंत घेतली, तर तिचे सुमारे ४१ भाग होतात आणि एकूण बेरीज १००० ऐवजी १०४० च्या घरात जाते. म्हणजे वाहकतेतल्या वीसपट फरकाचा परिणाम शेवटी चार टक्के. कॉइलची लांबी वीतभर वाढवून जो फरक भरून निघतो, त्याला मी निवडीचा एकमेव निकष मानले होते.

याच हिशेबातून दुसरी चूकही उघड होते, आणि कॉइल खरी मारली ती तिने. अपेक्षेइतकी उष्णता मिळेना म्हणून मी पंप मोठा केला. १२.७ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या त्या नळीतून मिनिटाला १४ लिटर पाणी जाऊ लागले, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर. तांब्याच्या नळ्यांसाठी प्रचलित मार्गदर्शन असे आहे की थंड पाण्याचा वेग एवढा असला तरी चालतो, ६० अंशांपर्यंतच्या गरम पाण्याचा दीड मीटरपर्यंत असावा आणि त्याहून गरम पाणी सतत फिरत असेल तर तो ०.६ ते ०.९ मीटरच्या पुढे जाऊ नये. माझे पाणी ७५ अंशांचे होते, आणि चक्र उघड्या भरणटाकीला जोडलेले असल्याने त्यात हवेतला ऑक्सिजन सतत विरघळत होता. गरम, ऑक्सिजनयुक्त आणि वेगवान पाणी तांब्यावरचा रक्षक थर बसूच देत नाही, आणि बसलेला असला तरी खरवडून नेते. एवढे करून मिळवले काय, तर हजारातले ६५ भाग थोडे कमी केले. अडथळा बाहेरच्या ९३३ भागांत होता आणि तिकडे मी पाहिलेही नव्हते. टाकीत एक लहानसा ढवळणारा पंप बसवला असता तर नळीला धक्का न लावता जास्त उष्णता मिळाली असती.

तेव्हापासून नळी निवडताना पहिला प्रश्न मी पाण्याविषयी विचारतो. ते किती गरम, किती वेगाने वाहणारे, त्यात क्लोराइड किती, सामू किती, हवेशी त्याचा संबंध येतो का, आणि यंत्र बंद असताना ते नळीत साचून राहणार का. ही उत्तरे हाती आली की निम्मे धातू आपोआप बाद होतात.

तांब्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि एका फुटक्या कॉइलमुळे मी ते नाकारणार नाही. बेताचा वेग, उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी सामू आणि स्वच्छ पाणी असेल तर तांब्याची नळी दशकानुदशके टिकते. ती हाताने वळते, सहज जोडली जाते आणि तिच्यावर जैविक शेवाळही कमी धरते. मात्र आम्लधर्मी पाणी तिला हळूहळू विरघळवते, आणि अमोनिया हा तर तांब्याचा आणि पितळेचा हाडवैरीच. अमोनिया वापरणाऱ्या शीतकरण यंत्रणांत तांब्याची नळी कुठेही दिसत नाही, तिथे पोलाद किंवा ॲल्युमिनियमच असते, ते याच कारणामुळे. ताण असलेल्या पितळेला अमोनियाच्या वाफेने सरळ तडे जातात. शिवाय पातळ तांब्याच्या नळ्यांत मुंग्यांच्या वारुळासारखी नागमोडी सूक्ष्म बिळे पडण्याचा एक प्रकार आहे. फॉर्मिक आणि ॲसेटिक यांसारखी सेंद्रिय आम्ले, ओलावा आणि हवा एकत्र आली की तो सुरू होतो, आणि नळी ओढताना वापरलेल्या तेलाचे विघटन होऊनही ही आम्ले तयार होऊ शकतात. बाहेरून तांबे शाबूत दिसते, वायू मात्र निसटत राहतो. म्हणून नवी नळी आतून स्वच्छ आणि दोन्ही टोकांना बुचे लावलेलीच घ्यावी.

स्टेनलेस स्टीलला वेगाची भीती नाही, २.४ मीटरचा वेग त्याच्या खिजगणतीतही नसतो. त्याचा शत्रू क्लोराइड. साधारण तापमानाच्या पाण्यासाठी ठोकताळा असा, की लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड असेल तर ३०४ चालते आणि १००० पर्यंत ३१६ चालते, कारण ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते. पण तापमान वाढत गेले की या मर्यादा झपाट्याने खाली येतात, आणि ६० अंशांच्या वर ताणाखालच्या स्टेनलेसला क्लोराइडमुळे तडे जाण्याचा धोका सुरू होतो. इथे एक गोष्ट कागदावरच्या आकड्यांतून कळत नाही, ती प्रत्यक्ष टाकीत डोकावल्यावरच कळते. सबंध पाण्यात क्लोराइड कमी असले तरी कॉइल जिथे पाण्याच्या पृष्ठभागातून बाहेर येते, तिथे गरम नळीवर पाण्याचे शिंतोडे उडतात, वाळतात, पुन्हा उडतात, आणि मागे उरलेल्या क्षारांत क्लोराइडचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले असते. नळीवर पांढरी कडी दिसते ती हीच. स्टेनलेसची कॉइल पूर्ण बुडालेली ठेवावी आणि तिची दोन्ही टोके टाकीच्या बाजूच्या भिंतीतून, पाण्याच्या पातळीखालून बाहेर काढावीत असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

साचलेले पाणीही स्टेनलेसला तितकेच वाईट. माझ्या पाहण्यातल्या एका कामात दाब-चाचणीसाठी नळ्यांत भरलेले पाणी निचरा न करता कित्येक आठवडे तसेच राहू दिले गेले होते. यंत्र एक दिवसही चालले नव्हते आणि वेल्डच्या कडेने सूक्ष्म छिद्रे पडली होती. चाचणी झाली की पाणी काढावे आणि नळी फुंकून कोरडी करावी. हे दहा मिनिटांचे काम धातूच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे.

समुद्राच्या पाण्यासाठी मी तांबे किंवा साधे स्टेनलेस या दोहोंचा विचारही करणार नाही. तिथे ९०-१० प्रमाणाचे क्युप्रो-निकेल (सुमारे ९० टक्के तांबे आणि १० टक्के निकेल) हा जुना, भरवशाचा मिश्रधातू आहे. त्यातल्या थोड्याशा लोहामुळे त्याचा रक्षक थर चिवट होतो. मात्र सल्फाइड असलेले घाण पाणी त्याला सोसत नाही. टायटॅनियमला यातले काहीच बाधत नाही. त्याची वाहकता स्टेनलेसच्या आसपासच असूनही मोठ्या वीजकेंद्रांच्या कंडेन्सरमध्ये ते वापरले जाते, कारण झीज गृहीत धरावी लागत नसल्याने भिंत अर्ध्या मिलिमीटरइतकी पातळ ठेवता येते. वाहकता कमी असलेला धातू पातळ भिंतीने ती तूट भरून काढतो याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

ॲल्युमिनियम हलके आहे, वाहकही आहे, पण पाण्याच्या बाबतीत फार नाजूक. साधारण ४ ते ९ या सामूच्या बाहेर त्याचा ऑक्साइडचा थर विरघळतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे एकाच चक्रात वर कुठे तांबे असले, तर पाण्यातून वाहत आलेले तांब्याचे अतिसूक्ष्म अंश ॲल्युमिनियमवर बसतात आणि त्या प्रत्येक ठिपक्याखाली खड्डा पडू लागतो. दोन्ही धातू एकमेकांना टेकलेले असण्याचीही गरज नसते. जस्त चढवलेल्या टाकीत तांब्याची कॉइल सोडली तर टाकीच्या जस्ताचे हेच होते. म्हणून नळी एकटी निवडता येत नाही. पंप, टाकी, झडपा आणि जोडण्या यांत कोणकोणते धातू आहेत हे कागदावर लिहून काढावे आणि मगच ठरवावे. कुलंट वापरणार असाल तर तेही सर्व धातूंना चालणारे असावे लागते.

वाहकतेला मी मघाशी गौण ठरवले. त्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो म्हणजे हवेत उष्णता सोडणाऱ्या पंखुड्या, म्हणजेच फिन्स. नळीच्या भिंतीतून उष्णतेला एखादाच मिलिमीटर जायचे असते, पण फिनमध्ये तिला मिलिमीटरच्या दशांशाइतक्या पातळ पत्र्यातून काठापर्यंत सेंटिमीटरभर प्रवास करावा लागतो. तिथे स्टेनलेस घेतले तर फिनचा काठ थंडच राहतो आणि अर्धा पत्रा निरुपयोगी ठरतो. तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमच्या फिन्स ही जोडी इतकी रूढ झाली ती उगाच नव्हे. फक्त खाऱ्या हवेत त्या दोघांचा सांधा आधी कुजतो, हे लक्षात ठेवावे.

प्लॅस्टिकच्या नळ्यांविषयीही हाच हिशेब बोलतो. दोन मिलिमीटर जाडीच्या पेक्स (एक प्रकारचे मजबूत केलेले पॉलिएथिलिन) नळीची वाहकता सुमारे ०.४, माझ्या टाकीत ती घातली असती तर तिच्या एकट्या भिंतीचे जवळजवळ ३३०० भाग झाले असते आणि उष्णता चौथ्या हिश्श्यावर आली असती. पण बाहेर पाण्याऐवजी हवा असेल, तर हवेच्या पदराचा विरोधच इतका मोठा असतो की तीच नळी तांब्याच्या तुलनेत पाचवा हिस्सा उष्णताच गमावते. जमिनीत पुरलेल्या उष्णता-पंपांच्या नळ्या पॉलिएथिलिनच्या असतात, कारण तिथे खरा अडथळा मातीचा असतो. आणि तीव्र आम्लाच्या टाक्यांत टेफ्लॉनच्या बारीक नळ्यांचे झुबके सोडतात. तिथे धातू टिकतच नाही, मग वाहकतेचा प्रश्न उरत नाही.

जोडणी हा भाग मी मुद्दाम उशिरा घेतला, पण घरच्या किंवा लहान कारखान्यातल्या कामात निर्णय बहुधा इथेच होतो. तांब्याला तांबे जोडायचे तर ते फॉस्फरसयुक्त सळीने, फ्लक्सशिवाय (ऑक्साइड काढणाऱ्या लेपाशिवाय) ब्रेझ करता येते, म्हणजे नळी न वितळवता फक्त सळी वितळवून जोडता येते, कारण त्यातले फॉस्फरसच ऑक्साइड दूर करते. तीच सळी पोलादावर वापरली तर लोह आणि फॉस्फरस यांचा ठिसूळ थर तयार होऊन जोड धक्क्याने सुटतो. तांबे स्टेनलेसला जोडायचे असेल तर चांदीची सळी आणि योग्य फ्लक्सच हवा, आणि ती सळी कॅडमियमविरहित आहे ना हे आधी पाहावे, कारण कॅडमियमचा धूर जिवावर बेतू शकतो. ब्रेझिंग करताना नळीतून नायट्रोजनची मंद धार सोडली नाही तर आत काळी खपली धरते आणि ती पुढे सुटून झडपांत अडकते. स्टेनलेसला टिग वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आवरणात टंगस्टनच्या टोकाने केलेले वेल्डिंग) करताना आतूनही आर्गॉन हवाच. नाहीतर वेल्डची आतली बाजू जळक्या साखरेसारखी खडबडीत होते आणि गंज तिथूनच सुरू होतो. वेल्ड करायच्या नळीसाठी ०.०३ टक्क्यांपर्यंतच कार्बन असलेली ३०४एल किंवा ३१६एल घ्यावी.

मापांत एक सापळा आहे. पाइप नाममात्र मापाने विकला जातो आणि ट्यूब प्रत्यक्ष बाह्य व्यासाने. अर्धा इंची स्टीलच्या पाइपाचा बाह्य व्यास २१.३ मिलिमीटर असतो. तांब्यात तर एएसटीएम या अमेरिकी मानकांपैकी बी ८८ ची पाण्याची अर्धा इंची नळी बाहेरून १५.९ मिलिमीटर भरते, तर शीतकरणासाठीची बी २८० ची अर्धा इंची नळी बरोबर १२.७. नाव तेच, जोडणी मात्र एकीची दुसरीला बसत नाही. दाबाची काळजी लहान व्यासात सहसा फार नसते: १२.७ मिलिमीटरच्या, ०.८ जाडीच्या मऊ तांब्याच्या नळीला साध्या तापमानाला पन्नास बारच्या आसपासचा दाब चालतो. कडक तांब्याची ताकद मात्र हिशेबात धरू नये, कारण ब्रेझ केलेल्या जागी ते मऊच होते. बाक व्यासाच्या तिपटीहून घट्ट घेऊ नये. बाहेरच्या अंगाची भिंत तिथे पातळ होते, आणि झीजही नेमकी तिथेच जास्त असते. सरळ नळ्या दोन्ही टोकांना पोलादी कवचात पक्क्या करणार असाल तर प्रसरणही मोजावे. ५० अंशांच्या फरकाला दोन मीटरची तांब्याची नळी १.७ मिलिमीटर वाढते आणि पोलादी कवच १.२, उरलेला अर्धा मिलिमीटर जोडांवर ताण बनून बसतो. कॉइल किंवा यू-बाक तो सहज पोटात घेतो.

क्षारांचा थरही निवडीत धरावा लागतो. कॅल्शियम कार्बोनेट गरम पृष्ठभागावरच जास्त बसते, आणि अर्धा मिलिमीटर थर माझ्या हिशेबात सुमारे १६० भागांची भर घालतो, म्हणजे स्टेनलेसच्या भिंतीच्या चौपट. तेव्हा धातू असा हवा की जो साफसफाई सोसेल. सायट्रिक आम्ल स्टेनलेसला चालते; हायड्रोक्लोरिक आम्ल त्याच्या जवळही नेऊ नये. एका बाजूला पिण्याचे पाणी आणि दुसरीकडे विषारी द्रव असेल, तर एकेरी भिंतीची नळी कोणत्याही धातूची असली तरी मी बसवणार नाही. तिथे दुहेरी भिंतीची, मधली पोकळी बाहेर उघडणारी नळीच हवी, म्हणजे गळती आधी डोळ्यांना दिसते.

माझी दुसरी कॉइल ३१६एल ची आहे, १२ मिलिमीटर व्यासाची, एक मिलिमीटर भिंतीची, पहिलीपेक्षा थोडी लांब. पाण्यातले क्लोराइड लिटरला ९० मिलिग्रॅम भरले, पण तापमान पाहता ३०४ वर विसंबावेसे वाटले नाही. धातू ठरल्यावर पंपाचा वेग कमी केला आणि टाकीत एक लहान ढवळणारा पंप बसवला. परतीच्या मार्गावर दोन युनियनच्या (खोलता येणाऱ्या जोडांच्या) मध्ये त्याच नळीचा, मधोमध एक वेल्ड असलेला हातभर तुकडा ठेवला आहे, तो काढून आत पाहता येतो. अकरा महिन्यांनी तो पहिल्यांदा उघडला. भिंत राखाडी आणि गुळगुळीत होती. फक्त वेल्डच्या एका कडेला मोहरीएवढा तांबूस डाग होता. नखाने खरवडल्यावर तो निघाला आणि दहापट भिंगाखाली तिथे खड्डा दिसला नाही. बाहेरून त्या जागी खूण करून तुकडा परत बसवला आहे. पुढची पाहणी वर्षाऐवजी सहा महिन्यांनी करणार आहे.